हिप्पोचा ऑगस्टीन

वरच्या इयत्तांना शास्त्राचा पाठ देणाऱ्या शिक्षकाला एक प्रश्न दरवर्षीं ऐकावा लागतो. याकोबाला दोन बायका आणि शिवाय त्यांच्या दोन दासी, दावीदानें दुसऱ्याची स्त्री घरांत आणली, शलमोनाच्या अंतःपुरांत सातशें राण्या. मग ज्या ग्रंथांत हें सारें आहे त्यानें आम्हांला शीलाचा धडा कोणत्या अधिकारानें द्यावा? विचारणारा मुलगा बहुधा हुशार असतो, आणि त्याला दटावून गप्प बसविणें हें कांहीं उत्तर नव्हे. सोळाशें वर्षांपूर्वीं आफ्रिकेंतील एका तरुण विद्यार्थ्याला हाच आक्षेप इतका पटला होता कीं, त्यानें पवित्र शास्त्र मिटून बाजूला ठेविलें. पुढें त्याचें उत्तर त्यालाच द्यावें लागलें.

ऑगस्टीनाचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते या लहानशा गांवीं झाला. हें गांव आज अल्जीरिया देशांत सूक अहरास या नांवानें ओळखलें जातें. बाप पात्रिकियस बेताच्या ऐपतीचा व बहुतेक आयुष्य मूर्तिपूजक; आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती. मुलाच्या शिक्षणासाठीं बापानें पदरमोड केली, तरी पैसा अपुरा पडून मुलाला सोळाव्या वर्षीं घरीं बसावें लागलें. शेजारच्या झाडाचीं फळें चोरण्याची प्रसिद्ध गोष्ट त्याच रिकामपणांतली. पुढें रोमानियानस नांवाच्या गांवच्या धनिकानें हात दिला व ऑगस्टीन कार्थेज शहरीं वक्तृत्वशास्त्र शिकूं लागला.

तेथें त्यानें एका स्त्रीला लग्नावांचून घरांत ठेविलें. त्या काळच्या रोमी समाजाला यांत फारसें वावगें वाटत नसे. तिच्यापासून त्याला मुलगा झाला. त्याचें नांव अदेओदातस, म्हणजे आपल्याकडील देवदत्त. एकोणिसाव्या वर्षीं सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्याला ज्ञानाची ओढ लागली व त्यानें पवित्र शास्त्र उघडलें. पण त्याची साधी लॅटिन भाषा या वक्तृत्वाच्या विद्यार्थ्याला गांवढळ वाटली. त्याच सुमारास मानीपंथाच्या लोकांनीं त्याला गांठलें. प्रकाश व अंधार अशीं दोन तत्त्वें जगांत झगडत असून देह हा अंधाराचा भाग आहे, असें ते मानीत. जुन्या कराराची ते उघड टर उडवीत. बहुपत्नीक कुलपति धार्मिक कसे, हा त्यांचा आवडता प्रश्न. ऑगस्टीन नऊ वर्षें त्यांच्यांत राहिला. या मताची एक सोय अशी कीं, पाप करणारा मी नव्हे, माझ्यांतील अंधार, असें म्हणावयास माणूस मोकळा होतो. ती सोय आपल्याला आवडत होती, हें त्यानें पुढें प्रांजळपणें कबूल केलें आहे.

मनांत शंका उठूं लागल्या तेव्हां पंथबंधूंनीं सांगितलें कीं, फौस्तस येऊं द्या, तो सर्व उलगडून सांगेल. ३८३ सालीं फौस्तस आला. बोलणें गोड, स्वभाव नम्र, परंतु ग्रहगणितावरील प्रश्न पुढें येतांच त्यानें आपलें अज्ञान मान्य केलें. ऑगस्टीनाला त्याचा हा प्रामाणिकपणा आवडला. पंथावरील विश्वास मात्र उडाला. त्याच वर्षीं तो रोम येथें गेला व ३८४ मध्यें मिलान शहरांत वक्तृत्वाचा अध्यापक झाला. तेथील बिशप अँब्रोज याचीं प्रवचनें तो प्रथम केवळ भाषेसाठीं ऐके. हळूहळू त्याच्या ध्यानांत आलें कीं, ज्या जुन्या कराराला आपण हंसलों तो आपण समजून वाचलेलाच नव्हता.

येथें चरित्रकार सहसा घाईनें पुढें जातात. मला थांबावेंसें वाटतें. प्रतिष्ठित घराण्यांतील एक मुलगी मोनिकेनें मुलासाठीं पाहिली. ती अद्याप लग्नाच्या वयाची नव्हती, म्हणून दोन वर्षें थांबावयाचें होतें. तथापि या सोयरिकीला अडसर नको म्हणून, सुमारें पंधरा वर्षें सोबत राहिलेल्या त्या स्त्रीला आफ्रिकेस परत धाडण्यांत आलें. दुसऱ्या पुरुषाचें तोंड न पाहण्याचा नवस करून ती गेली. मुलगा बापाजवळ राहिला. ऑगस्टीनाचें हृदय फाटलें, असें तो लिहितो. परंतु दोन वर्षें दम न निघून त्यानें दुसरीच एक स्त्री घरांत आणली. पहिलीचें नांव त्यानें कोठेंही नोंदलेलें नाहीं. ज्यानें स्वतःच्या बारीकसारीक चुका जगापुढें मांडल्या, त्यानें हें एक नांव कां गाळलें असेल? तिला लोकांच्या तोंडीं न देण्यासाठीं, असें मानण्याकडे माझा कल आहे. पण खात्रीनें कोण सांगणार?

ऑगस्ट ३८६ मध्यें मिलानच्या एका बागेंत, निश्चय होत नाहीं म्हणून तो रडत असतां, उचलून वाच असें सुचविणारा एका मुलाचा आवाज त्याच्या कानीं पडला. त्यानें पौलाचें पुस्तक उघडलें, तों रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा शेवट दृष्टीस पडला व तेथेंच त्याचें मन ठरलें. ठरलेलें लग्न त्यानें मोडलें. ३८७ च्या ईस्टरच्या रात्रीं त्याचा व देवदत्ताचा बाप्तिस्मा अँब्रोजच्या हस्तें झाला. त्याच वर्षीं परतीच्या वाटेवर ओस्तिया बंदरीं मोनिका वारली. मुलगा विलक्षण बुद्धिमान होता. शिकविणें म्हणजे काय, या विषयावरील पितापुत्रांचा एक संवाद ऑगस्टीनानें लिहिला व त्यांतील मुलाचे विचार खरोखर मुलाचेच आहेत, अशी ग्वाही दिली. तो मुलगाही लवकरच गेला.

३९१ सालीं हिप्पो, म्हणजे आजचें अन्नाबा, येथील लोकांनीं त्याला जवळजवळ बळेंच पाळक केलें. पुढें ३९५ च्या सुमारास तो बिशप झाला. फौस्तसाचा ग्रंथ हातीं आला तेव्हां त्याचें म्हणणें आधीं मांडून मग उत्तर, अशा पद्धतीनें त्यानें तेहेतीस भाग लिहिले. त्याचा युक्तिवाद थोडक्यांत असा. शास्त्र जें सांगतें तें सर्वच त्यास मान्य असतें असें नव्हे. तें माणसें जशीं होतीं तशीं दाखवितें. याकोबाच्या काळीं अनेक बायका करणें रूढीस किंवा कायद्यास सोडून नव्हतें. दावीदाचें कृत्य मात्र पापच, आणि शास्त्रानेंच तें पाप ठरवून संदेष्ट्याकडून त्याची निर्भर्त्सना करविली. झांकून न ठेवणें हाच त्या ग्रंथाचा विश्वासार्हपणा.

४०१ च्या सुमारास त्यानें विवाहावर एक पुस्तक लिहिलें. देह मुळांतच वाईट असें त्यानें आतां मानलें नाहीं. संतति, परस्पर निष्ठा व अभंग बंधन या तीन गोष्टींमुळें विवाह चांगला, असें त्याचें प्रतिपादन. त्यांत मध्येंच तो एक उदाहरण घेतो. मानानें किंवा पैशानें योग्य अशी वधू मिळेपर्यंत एखाद्या स्त्रीला ठेवणारा पुरुष मनानें व्यभिचारीच होय. परंतु ती स्त्री एकनिष्ठ राहिली व तो गेल्यावरही दुसऱ्याच्या वाटेस गेली नाहीं, तर तिला व्यभिचारिणी म्हणण्यास आपली जीभ सहजीं धजणार नाहीं. येथें नांव कोणाचेंच नाहीं.

४१० मध्यें गॉथ लोकांनीं रोम लुटलें व अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. तुमचा देव कोठें होता, असें विरोधक विचारूं लागले. लुक्रेशियेप्रमाणें या स्त्रियांनीं जीव कां दिला नाहीं, असेंही कोणी म्हणाले. ऑगस्टीनानें ४१३ त आरंभिलेल्या देवनगरीवरील ग्रंथाच्या पहिल्याच भागांत त्यांची बाजू घेतली. शील मनाच्या संमतींत असतें. दुसऱ्याच्या जुलमानें तें विटाळत नाहीं. लुक्रेशिया निर्दोष होती तर तिला मरणाची शिक्षा कां? त्या स्त्रियांत कदाचित् सुप्त अहंकार असेल, असेंही तो तेथें सुचवितो. तें वाचून मला खेद होतो. पण ज्या समाजांत अशा स्त्रीला विहीर जवळ करावी लागे, तेथें त्याचें मुख्य उत्तर किती मोठें होतें!

उतारवयांत इटलीचा बिशप जूलियन यानें त्याच्यावर अजून मानीपंथीच असल्याचा आरोप केला. वासना व मूळ पाप यांची सांगड ऑगस्टीनानें फार घट्ट घातली, असें अनेक विद्वानांनीं पुढें म्हटलें आहे, व त्यांत तथ्य आहे.

४३० सालीं वँडल सैन्याचा हिप्पोस वेढा पडला असतां त्याला ताप आला. त्यानें दावीदाचीं पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून अंथरुणाशेजारच्या भिंतीवर लावविलीं. वैद्य व जेवण आणणारा यांखेरीज कोणी आंत येऊं नये, असें सांगून सुमारें दहा दिवस तो तीं स्तोत्रें पडल्यापडल्या वाचीत व रडत असे. २८ ऑगस्ट रोजीं, पंचाहत्तराव्या वर्षीं, वेढा चालू असतांच त्याचा प्राण गेला.