गोळीविना टिपलेला वाघ

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदुस्थानातील वाघाचे छायाचित्र म्हणजे बहुधा मेलेल्या वाघाचे छायाचित्र असे. पुढ्यात धूड, मागे बंदूकधारी साहेब अथवा संस्थानिक आणि कडेला हाकाऱ्यांची रांग. अशा काळात जिवंत वाघ त्याच्याच रानात, त्याच्याच पायवाटेवर टिपण्याचा ध्यास फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्याने घेतला.

चॅम्पियन यांचा जन्म १८९३ मध्ये इंग्लंडमधील निसर्गप्रेमी घराण्यात झाला. वडील नामवंत कीटकशास्त्रज्ञ होते, तर थोरले बंधू हॅरी यांनी पुढे भारतीय वनांच्या प्रकारांचे वर्गीकरण केले. फ्रेडरिक १९१३ मध्ये हिंदुस्थानात आले ते मात्र पोलीस खात्यात, पूर्व बंगालमध्ये. पहिल्या महायुद्धात लष्करी सेवा बजावल्यानंतर ते संयुक्त प्रांताच्या वनखात्यात रुजू झाले आणि हिमालयाच्या पायथ्याची शिवालिक टेकड्यांची सालवने हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

या वनांत छायाचित्रणाची पहिली अडचण होती ती प्रकाशाची. सांबर, चितळ, बिबट्या, वाघ हे सारे पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक हिंडतात. ऊन चढले की सावलीत विसावतात. म्हणजे प्राणी दिसतात तेव्हा उजेड नसतो आणि उजेड असतो तेव्हा प्राणी नसतात. आज डिजिटल कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवून झुंजुमुंजूलाही चित्र घेता येते. त्या काळच्या काचा व फिल्म अतिशय मंद होत्या. अंधुक प्रकाशात झडप अधिक काळ उघडी ठेवावी तर प्राण्याच्या किंचित हालचालीने चित्र पुसट होई. चॅम्पियन हत्तीवर बसून रानात जात आणि तेथूनच छायाचित्रे घेत. पण हत्तीची पाठही स्थिर नसते! दिवसा त्यांनी अनेक उत्तम चित्रे मिळवली खरी. तरीही वाघ वेळ पाळत असे ती काळोखाचीच.

तेव्हा त्यांनी वाघानेच स्वतःचे छायाचित्र काढावे अशी योजना केली. पावलांच्या ठशांवरून वहिवाटीची वाट हेरायची, तिच्यावर बारीक तार ताणायची आणि झुडपात कॅमेरा दडवायचा. वाघाचा पाय तारेला लागताच मॅग्नेशियमची भुकटी पेटून लख्ख उजेड पडे आणि त्याच क्षणी झडप उघडे. ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी त्याआधीच तारेच्या साहाय्याने रात्री हरणांची छायाचित्रे घेतली होती. मात्र वाघासारख्या सावध जनावरासाठी तिचा पाठपुरावा करणे हे चॅम्पियन यांचेच काम. भुकटी एकदा जळली की त्या सापळ्याची संधी संपली. तारेला कोणाचा पाय लागेल याचाही नेम नसे. त्यामुळेच बिबट्या, अस्वल अशा निशाचरांची दुर्मिळ चित्रेही त्यांच्या संग्रहात आली.

अनेक वर्षांच्या खटपटीचे फळ १९२५ मध्ये जगापुढे आले. लंडनच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने नैसर्गिक अधिवासातील वाघाची पहिली छायाचित्रे म्हणून ती मुखपृष्ठावर छापली. १९२७ मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ आणि १९३४ मध्ये ‘द जंगल इन सनलाइट अँड शॅडो’ ही त्यांची पुस्तके प्रसिद्ध झाली.

चित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहताना प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याचे त्यांनी हेरले आणि त्यांवरून एकेक वाघ ओळखण्यास सुरुवात केली. या निरीक्षणाचे मोल ध्यानात यायला मात्र फार काळ गेला. सरिस्कातील वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले, पावलांच्या ठशांवरील गणतीचा फोलपणा पुढे आला आणि त्यानंतरच देशभरच्या गणनेत कॅमेरा ट्रॅप व पट्ट्यांची ओळख यांना अधिकृत स्थान मिळाले. ताडोबात आणि मेळघाटात आज झाडांना बांधलेले कॅमेरे त्याच मार्गाने चालतात.

बंदुकांच्या परवान्यांवर आणि राखीव जंगलात शिरणाऱ्या मोटारींवर निर्बंध हवेत, असा आग्रह चॅम्पियन यांनी धरला. शिकार हा साहेबी प्रतिष्ठेचा भाग असताना सरकारी नोकरीत राहून हे मांडणे सोपे नव्हते. त्यांचे स्नेही जिम कॉर्बेट यांनी चॅम्पियन यांच्या छायाचित्रांनी भारावून कॅमेरा हाती घेतला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानासाठी दोघेही झटले. उद्यानाला पुढे १९५७ मध्ये नाव लाभले ते कॉर्बेट यांचे. चॅम्पियन यांचे नाव वनखात्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, हा योग चमत्कारिकच म्हणावा लागेल.

१९४७ मध्ये दोघांनीही भारत सोडला आणि दोघेही पूर्व आफ्रिकेत गेले. कॉर्बेट केनियात स्थायिक झाले; चॅम्पियन यांनी टांगानिकात पुन्हा वनाधिकाऱ्याचीच नोकरी पत्करली. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १ एप्रिल १९७३ रोजी, व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ झाला तो त्याच कॉर्बेट उद्यानातून.