स्वामी रामानंद तीर्थ : सतरा सप्टेंबरच्या निमित्ताने

दर वर्षी सप्टेंबरच्या १७ तारखेस नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाळांपुढे व कचेऱ्यांपुढे ध्वज चढतो. पंधरा ऑगस्ट होऊन महिनाच लोटला असता पुन्हा ध्वजवंदन कशासाठी, असे मुले विचारतात. आणि पुष्कळ घरांतून त्यांस नीटसे उत्तर मिळत नाही. ते उत्तर ज्यांच्या चरित्रात स्पष्ट वाचावयास सापडते, त्या स्वामी रामानंद तीर्थ ह्यांची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यात झाला. असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि अमळनेर व पुणे येथील राष्ट्रीय संस्थांत पुढील शिक्षण घेतले. त्यानंतर मजूर चळवळीचे पुढारी नारायण मल्हार जोशी ह्यांच्या हाताखाली काही काळ काम करून, १९२९ च्या सुमारास ते निजामाच्या राज्यातील हिप्परगा ह्या खेड्यात राष्ट्रीय शाळेवर शिक्षक म्हणून आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. परंतु भगवी वस्त्रे धारण करूनही त्यांनी रानाची वाट धरली नाही. ते शाळेतच राहिले. पुढे १९३५ पासून अंबाजोगाई येथे त्यांनी तेच काम चालविले.

त्या काळी हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी प्रजा नांदत होती. तथापि उच्च शिक्षण उर्दूतून मिळे, आणि सभा भरविणे हेदेखील सरकारी परवानगीवाचून होत नसे. १९३८ साली स्टेट काँग्रेस नावाची संस्था निघते न निघते तोच तिजवर बंदी आली. बंदी मोडणाऱ्यांत स्वामीजी होते. तेथून पुढे तुरुंग हे त्यांचे दुसरे घरच झाले. १९४६ साली बंदी उठली आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांजकडे आले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी अवघा देश आनंद करीत असता निजाम भारतात सामील झाला नव्हता. आणि त्याच दिवशी स्वामीजींस अटक झाली. वर्षअखेरीस थोडके दिवस ते बाहेर होते. १९४८ च्या जानेवारीत त्यांस पुन्हा कैद झाली. इकडे लातुरास वकिली केलेले कासिम रझवी ह्यांच्या रझाकार संघटनेने खेडोपाडी भय पसरविले होते. बिलोली तालुक्यातील अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे १९४६ सालीच मारले गेले होते. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे संपादक शोएबुल्ला खान, जे स्वतः मुसलमान होते, त्यांचा १९४८ च्या ऑगस्टात हैदराबादेत खून झाला. शेवटी १३ सप्टेंबरास भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली, आणि स्वामीजी मुक्त झाले. देशाहून तेरा महिने मागाहून आलेले स्वातंत्र्य ते हेच.

येथे एक दुःखाची गोष्ट लिहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. रझाकारांनी केलेल्या जुलुमाचा सूड पुढे अनेक गावी निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगविण्यात आला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल ह्यांच्या मंडळाने चौकशी केली. तीत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक माणसे मेल्याचे नमूद आहे, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. आम्हांस वाटते की, ज्या दिवसाचा आपण उत्सव करितो, त्या दिवसाच्या पाठोपाठ वाहिलेले अश्रूही आपण मुलांस सांगितले पाहिजेत. शेजाऱ्याच्या घरास आग लावून कोणाचेही घर उजळत नाही.

आता स्वामीजींनी विजयानंतर काय केले ते पाहा. ते १९५२ व १९५७ साली लोकसभेवर निवडून गेले, परंतु मंत्रिपदावर कधी बसले नाहीत. उलट, ज्या संस्थानाचे ते पुढारी होते ते भाषावार वाटून तेथील लोकांस आपापल्या भाषाबांधवांत जाऊ द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. १९५६ साली तसे घडले. मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात. ज्यांच्या हाती सत्ता आली असती त्यांनीच आपल्या पायाखालची भूमी वाटून द्यावी, हे उदाहरण विरळा होय.

आणि ते पुन्हा शाळेकडे वळले. नांदेड एज्युकेशन सोसायटी त्यांच्या पुढाकाराने निघाली व १९५० साली तिचे पीपल्स कॉलेज सुरू झाले. शेतकऱ्यांच्या ज्या मुलांस पूर्वी हैदराबादेस अगर औरंगाबादेस जाण्याची ऐपत नव्हती, त्यांस घराजवळ उच्च शिक्षण मिळू लागले. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजी हैदराबाद येथे निवर्तले. १९९४ साली सप्टेंबरच्या त्याच १७ तारखेस नांदेडास स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

वाचकहो, हिप्परग्याच्या शाळेतून तुरुंगात आणि तुरुंगातून नांदेडच्या महाविद्यालयापर्यंत, असा हा एकच मार्ग आहे. ध्वज चढविण्याचे काम एका सकाळी होते. परंतु खेड्यातील मूल निर्भयपणे शिकू लागावे, हे काम पुष्कळ वर्षांचे आहे. येत्या १७ तारखेस शाळेतून परतलेल्या आपल्या मुलामुलींस जवळ बसवून ही हकीकत सांगावी, आणि ज्या शेजारच्या घरचे मूल शाळेत गेले नाही, त्या घरी त्याच दिवशी एकदा जाऊन यावे, इतकेच आमचे आपणांस मागणे आहे.