दुसऱ्यांच्या घरांना ऊब देणारा माणूस

जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीची नायिका कॅथरीन ही भयकथांचे वेड लागलेली मुलगी. एका जुन्या मठवजा वाड्यात राहायला जाण्याचा योग येतो, तेव्हा तिथे नक्षीकाम केलेली, गुहेएवढी अवाढव्य शेकोटी भिंतीत असणार, अशी तिची खात्री असते. प्रत्यक्षात तिला दिसते ती आटोपशीर, आखूड केलेली एक 'रम्फर्ड'! बिचारीचा पार हिरमोड होतो. लेखिकेने या शब्दाचा काहीच खुलासा केलेला नाही. 1817 साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा इंग्लंडातल्या वाचकाला तो करण्याची गरजच नव्हती. मला मात्र होती. म्हणून साहित्याच्या कपाटापासून उठून मी विज्ञानाच्या कपाटाकडे वळलो आणि एका विलक्षण माणसाची गाठ पडली. त्या माणसाविषयी मला जे आदर आणि राग असे दोन्ही वाटले, ते या लेखात मांडतो.

त्याचे मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात वुबर्न या गावी 26 मार्च 1753 रोजी एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. बाप तो तान्हा असतानाच गेला. आईने दुसरे लग्न केले. तेराव्या वर्षी त्याला सेलम येथे एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. पण दुकानापेक्षा त्याचे चित्त यंत्रांत आणि प्रयोगांत अधिक. शोभेची दारू तयार करण्याच्या नादात त्याने एकदा स्वतःला चांगलेच भाजून घेतले. लोअमी बाल्डविन या मित्राबरोबर मैलोगणती पायपीट करून तो हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञानाची व्याख्याने ऐकायला जाई. रीतसर पदवी त्याला कधीच मिळाली नाही.

1772 मध्ये न्यू हॅम्पशायरमधील कॉन्कर्ड या गावी तो शिक्षक म्हणून गेला. या गावाचे जुने नाव रम्फर्ड. तिथे सारा नावाच्या एका श्रीमंत विधवेशी त्याचे लग्न झाले. तो एकोणीस वर्षांचा. ती त्याच्याहून बरीच मोठी. पैसा आला, प्रतिष्ठा आली, गव्हर्नरची मर्जी बसली आणि लष्करात मेजरचा हुद्दाही पदरात पडला. 1774 मध्ये मुलगी झाली, तिचे नावही साराच ठेवले.

याच सुमारास अमेरिकेत इंग्रजी सत्तेविरुद्ध असंतोष भडकला होता. थॉम्प्सन इंग्रजांचा माणूस, असा लोकांना संशय आला आणि जमाव त्याच्या घरावर चालून आला. तो आधीच निसटला होता. संशय खोटा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. 1775 मध्ये अदृश्य शाईने लिहून त्याने इंग्रजांना बातम्या पुरविल्या होत्या. 1776 मध्ये इंग्रजी सैन्याने बोस्टन सोडले, तेव्हा तोही इंग्लंडला निघून गेला. बायको आणि लहानगी मुलगी मागे राहिली. बायकोचे तोंड त्याने पुन्हा पाहिले नाही; 1792 मध्ये ती वारली. मुलगी भेटली ती तब्बल वीस वर्षांनी.

लंडनमध्ये या तरुणाचे नशीब फळफळले. 1779 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, पुढच्याच वर्षी सरकारात उपसचिवाचे पद, 1784 मध्ये 'सर' ही पदवी. मग तो बव्हेरियाच्या राजदरबारी गेला. कार्ल थिओडोर हा तिथला इलेक्टर. त्याने या परक्या माणसाच्या हाती हळूहळू लष्कर, पोलीस, दानधर्म असा सारा कारभार सोपविला.

येथून त्याच्या आयुष्यातला मला सर्वांत आवडणारा भाग सुरू होतो. सैनिकांना उबदार गणवेश द्यायचा होता. मग कोणते कापड ऊब धरते? लोकर, रेशीम, पिसे, केसाळ कातडी या सर्वांवर त्याने चिकाटीने प्रयोग केले. ऊब केवळ धाग्यात नसून धाग्यांमध्ये अडकून पडलेल्या हवेत आहे, असे त्याला आढळले. हवा जागच्या जागी कोंडली की उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. या कामाबद्दल रॉयल सोसायटीने त्याला 1792 मध्ये कॉप्ली पदक दिले. एकदा प्रयोगासाठी तापविलेला मोठ्या फुग्याचा तापमापक त्याने खिडकीत निवत ठेवला होता. आतल्या मद्यार्कात धुळीचे बारीक कण मध्यभागी वर चढताना आणि कडेने खाली उतरताना त्याला दिसले. तापलेला द्रव वर जातो, निवलेला खाली येतो आणि उष्णता अशी वाहून नेली जाते, हे तो डोळ्यांनी पाहत होता. खोलीतली हवाही अशीच खेळते, हे त्याने मनाशी पक्के केले. पुढे शेकोटीच्या कामात हेच ज्ञान त्याला उपयोगी पडले.

1 जानेवारी 1790 रोजी म्यूनिकमध्ये त्याने भिकाऱ्यांना पकडण्याची मोहीम काढली. पहिल्या भिकाऱ्याच्या खांद्यावर त्याने स्वतः हात ठेवला. हे ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. पण त्या लोकांना त्याने तुरुंगात टाकले नाही. ऊबदार, स्वच्छ कार्यशाळेत नेले, गरम जेवण दिले, सूत कातण्याचे काम आणि त्याची मजुरी दिली. लष्कराचे कपडे तिथे तयार होऊ लागले. आधी माणूस सद्गुणी व्हावा आणि मग त्याला सुख मिळावे, ही जगाची रीत. त्याने ती उलटी केली: आधी सुख देऊन पाहू, सद्गुण मागाहून येईल. जव, वाटाणे, बटाटे, पाव आणि शिरका यांचे स्वस्त सूप त्याने बसविले. बव्हेरियातल्या गरिबांना त्या काळी बटाट्याचा तिटकारा होता, म्हणून सुरुवातीला बटाटे गुपचूप शिजवून सुपात इतके घोटले जात की ओळखू येऊ नयेत! म्यूनिकचा प्रसिद्ध 'इंग्लिश गार्डन' हा सार्वजनिक बगीचाही 1789 पासून त्याच्याच पुढाकाराने उभा राहिला. या साऱ्या कामगिरीबद्दल त्याला 'काउंट' करण्यात आले. त्या पदवीसाठी त्याने नाव निवडले रम्फर्ड. म्हणजे जिथे बायकोला सोडून तो पळाला, त्याच गावाचे जुने नाव. पश्चात्ताप म्हणावा की केवळ अभिमान? वाचकांनीच ठरवावे.

1795 मध्ये तो लंडनला परत आला. लंडन त्या वेळी धुराने गुदमरलेले शहर होते. आपल्या मुलखात शेकोटी पेटते ती अंगणात; घर तापविण्याचा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही. पण चुलीचा धूर आपल्या परिचयाचा आहे. फुंकणीने चूल फुंकणाऱ्या माझ्या आजीचे लालबुंद, पाणावलेले डोळे मला आठवतात. इंग्लंडातल्या दिवाणखान्यांची अवस्था काहीशी अशीच होती.

जुन्या घरांतली शेकोटी म्हणजे भिंतीतला एक मोठा कोनाडा आणि त्याच्या डोक्यावर तेवढेच रुंद धुराडे. विस्तवाला जळायला हवा लागते थोडी. पण या रुंद धुराड्यातून धुराबरोबर खोलीतली ऊन हवाही भसाभसा वर निघून जाई. गेलेल्या हवेची जागा भरून काढायला बाहेरची गार हवा दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून आत घुसे. म्हणजे विस्तव जितका मोठा, तितके गार वारे अधिक! शेकोटीसमोर बसलेल्या माणसाचे गुडघे भाजत आणि पाठ काकडे. शिवाय विस्तव कोनाड्यात फार आत असल्यामुळे त्याची धग बाजूच्या भिंतींतच जिरे. धुरात गार हवा मिसळल्याने त्याचा जोर कमी होई आणि तो वर जायचे सोडून खोलीत पसरे. लोक काय करीत? आणखी कोळसा टाकीत.

रम्फर्डने सांगितलेला उपाय इतका साधा होता, की तो आधी कुणाला सुचला कसा नाही याचे नवल वाटते. घर पाडायचे नाही, धुराडे नवे बांधायचे नाही. जुन्या कोनाड्याच्या आत थोड्या विटा आणि चुना वापरून नवे कोंदण करायचे. मागची भिंत पुढे आणायची, म्हणजे कोनाडा उथळ होतो. ती पुढच्या तोंडाच्या एक तृतीयांश रुंद ठेवायची. बाजूच्या भिंती सरळ न ठेवता मागच्या भिंतीशी 135 अंशांचा कोन करतील अशा तिरक्या बांधायच्या, म्हणजे धग त्यांवर आपटून खोलीत परतते. त्या लोखंडाच्या न करता विटांच्या किंवा दगडाच्या करायच्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धुराड्याचा घसा आवळायचा. पुढून मागे सुमारे चार इंच एवढाच ठेवायचा. तेवढ्या फटीतून धूर वेगाने वर जातो, खोलीतली ऊन हवा मात्र खोलीत राहते. ती राहिली की दाराखालचा गार वाराही आपोआप मंदावतो. धुराडी साफ करायला त्या काळी लहान मुले आत चढत. चार इंचांच्या घशातून ती जाणार कशी? म्हणून तिथे एक फरशी सुटी ठेवावी, लागेल तेव्हा काढावी आणि पुन्हा बसवावी, हेही त्याने लिहून ठेवले आहे. असे बारकावे ध्यानात ठेवणारा माणूस नुसता दरबारी नसतो, त्याने गवंड्याशेजारी उभे राहून काम पाहिलेले असते.

1796 मध्ये त्याने या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. शेकडो धुरकट शेकोट्या त्याने सुधारून दिल्या. या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही. कुणाही गवंड्याने वाचावे आणि करावे, अशी त्याची इच्छा. हा उपाय परिपूर्ण होता असे नाही. उघड्या शेकोटीपेक्षा बंद भट्टी केव्हाही कमी इंधनात अधिक ऊब देते, आणि बव्हेरियात राहिलेल्या रम्फर्डला तशा भट्ट्या नव्या नव्हत्या. पण इंग्रजाला जळता विस्तव डोळ्यांसमोर हवा असतो. त्या आवडीला धक्का न लावता जेवढे साधेल तेवढे त्याने साधले.

त्याचे शास्त्रातले सर्वांत मोठे काम याच्या आगेमागेच झाले. म्यूनिकच्या शस्त्रशाळेत तोफांच्या नळ्या कोरताना धातू भयंकर तापतो, हे त्याच्या लक्षात आले. 'कॅलरिक' नावाचा एक अदृश्य द्रव पदार्थात असतो आणि तीच उष्णता, असे त्या काळचे विद्वान मानीत. रम्फर्डने बोथट हत्यार लावून, घोड्यांच्या बळावर पितळी तोफ पाण्याखाली फिरविली. अडीच तासांत विस्तवावाचून पाणी उकळले! घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते; मग ती साठवलेला पदार्थ कशी असेल? ती गती असली पाहिजे. 1798 मध्ये त्याने हे मांडले. ते सर्वमान्य व्हायला जूलच्या प्रयोगांपर्यंत, म्हणजे 1840 नंतरपर्यंत, वाट पाहावी लागली. 1799 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. हम्फ्री डेव्ही आणि थॉमस यंग हे त्या संस्थेत आले ते याच सुरुवातीच्या काळात.

आणि घर? 1805 मध्ये पॅरिसला त्याने दुसरे लग्न केले. वधू होती मारी-ॲन. म्हणजे कॅलरिकचे नाव रूढ करणाऱ्या आणि 1794 मध्ये गिलोटिनखाली बळी गेलेल्या लाव्हॉझिएची विधवा. तिला माणसांचा राबता हवा, याला शांतता. तिच्या पाहुण्यांना अडविण्यासाठी याने फाटकाला कुलूप लावले, तर तिने याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले, अशी हकीकत सांगतात. 1809 मध्ये दोघे विभक्त झाले. 21 ऑगस्ट 1814 रोजी पॅरिसजवळ ओतॉय येथे तो वारला.

या माणसाचे मोल कसे करावे? मित्रांशी बोलताना दोन मते ऐकली. एक, कर्तृत्व पाहावे, खासगी आयुष्य झाकून ठेवावे. दुसरे, ज्याने स्वतःच्या मुलाबाळांना उघड्यावर टाकले त्याच्या परोपकाराला काय चाटायचे? मला दोन्ही अपुरी वाटतात. म्यूनिकच्या त्या भिकाऱ्याला मिळालेले गरम सूप खरे होते. ते देणाऱ्याने बायकोला सोडले म्हणून ते गार होत नाही. पण कॉन्कर्डच्या घरात सोळा वर्षे नवऱ्याविना राहिलेली सारा हीदेखील तेवढीच खरी होती. थोरांची चरित्रे लिहिताना आपण तिला एका ओळीत उरकतो. मीही वर तेच केले आहे, कारण तिच्याविषयी लिहून ठेवण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही. ज्यांच्या जिवावर थोरांना मोकळीक मिळते, त्यांची नावे निदान त्याच पानावर यावीत, एवढा तरी दंडक आपण पाळावा.

त्यांची मुलगी सारा पुढे कॉन्कर्डला परतली आणि 1852 मध्ये तिथेच वारली. तिने लग्न केले नाही. बापाने जगाला ऊब वाटली, तिच्या वाट्याला ती फार उशिरा आणि तुटपुंजी आली. तिने मात्र मृत्युपत्रात आपले राहते घर आणि पैसा गावातल्या निराधार, आईवेगळ्या मुलींच्या आश्रमासाठी ठेवला.