गणितानंद

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई निवर्तली. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांची आकडेमोड पाहता पाहता या मुलाला संख्यांची गोडी लागली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ साली, त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळविले.

१९३० पासून १९६२ पर्यंत कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्यापाशी गणकयंत्र नव्हते; कागद आणि पेन्सिल एवढीच त्यांची साधनसामग्री. तेवढ्यावर १९४६ साली त्यांनी एक अद्भुत गोष्ट शोधून काढली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या मांडून वजाबाकी करावी. येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाता ३०८७ उरतात. नंतर ८३५२ आणि मग ६१७४ येतात. पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ हेच उत्तर येत राहते. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत हा मुक्काम गाठता येतो.

कित्येक विद्वानांना हा पोरखेळ वाटे. कापरेकर मात्र खचले नाहीत. पदरचे पैसे खर्चून ते आपल्या पुस्तिका छापीत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्या शोधांवर लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती दूरदूर पसरली.

आज संगणक अशा सर्व ८,९९१ संख्या क्षणार्धात तपासून दाखवितो. १९९७ साली तर डीप ब्ल्यू या संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारॉव्ह यालाही हरविले. पण बुद्धिबळात राजाला कोंडावयाचे, हे आधीच ठरलेले असते. कापरेकरांना काय शोधावयाचे, हे कोणीच सांगितले नव्हते. अशी वजाबाकी करून पाहावी, हे त्यांना आपल्या प्रतिभेने सुचले. यंत्राकडून पडताळा मिळाला तो त्यानंतर.

४ जुलै १९८६ रोजी या गणितानंदाचे निधन झाले. ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखली जाते.