गळ टाकणारा राजा : भूलोकमल्ल सोमेश्वर

(द्वितीय वर्ष, कला)

कल्याण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वेचे जंक्शन, दुर्गाडी किल्ला आणि त्याच्या पायथ्याची खाडी उभी राहते. पण बाराव्या शतकातल्या दख्खनमध्ये कल्याण हे नाव घेतले की माणसांना दुसरेच नगर आठवत असे. ते चालुक्यांच्या राजधानीचे कल्याण. आज ते बसवकल्याण म्हणून ओळखले जाते आणि कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात, मराठी आणि कानडी दोन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या सीमाभागात आहे. आपले कल्याण खाडीचे, ते कल्याण पठारावरचे. तरीही पाण्यातल्या माशांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिणारा राजा त्या पठारावरच्या कल्याणात होऊन गेला, हे वाचून आपल्याला नवल वाटल्याशिवाय राहणार नाही. त्याचे नाव तिसरा सोमेश्वर.

सोमेश्वराचे वडील सहावा विक्रमादित्य हे चालुक्य घराण्यातील सर्वांत पराक्रमी राजे. इ. स. १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे त्यांनी राज्य केले आणि शक बाजूला ठेवून स्वतःच्या नावाचा संवत् सुरू केला. त्यांच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण कवी होता. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वरही त्याच कल्याणचा. पुढे शेकडो वर्षे हिंदू कुटुंबातील वारसाहक्काचे तंटे या मिताक्षरेच्या आधाराने सोडवले गेले, यावरून त्या दरबाराच्या विद्वत्तेची कल्पना यावी. अशा वातावरणात सोमेश्वर वाढला. तलवारीइतकाच ग्रंथांचा सहवास त्याला लाभला.

इ. स. ११२६ च्या सुमारास तो गादीवर आला. भूलोकमल्ल ही त्याची पदवी. सर्वज्ञ म्हणूनही तो ओळखला जाई. मात्र वडिलांनी जिंकलेले राज्य सांभाळणे सोपे नव्हते. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन मांडलिकपण झुगारून देण्याच्या खटपटीत होता आणि पूर्वेकडील वेंगीचा प्रदेश हातून निसटला. त्यामुळे काही इतिहासकार सोमेश्वराला दुबळा राजा म्हणतात. लढाया आणि सीमा यांच्या मापाने मोजले तर हा निकाल कदाचित बरोबरही असेल. पण राजाचे मोठेपण मोजायला तेवढे एकच माप आहे काय?

सोमेश्वराने मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. अभिलषितार्थचिंतामणी हे त्याचेच दुसरे नाव. ग्रंथाचा काळ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या आसपासचा. वीस वीस अध्यायांचे पाच भाग, असे एकूण शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे आणि कसे टिकवावे येथून सुरुवात होते आणि मग वास्तू, चित्र, रत्ने, वैद्यक, हत्ती-घोडे, स्वयंपाक, संगीत, खेळ असे सारे जीवनच त्यात येते. मराठीच्या विद्यार्थ्यांना तर हा ग्रंथ विशेष जवळचा आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, ही नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे एका राजाने मुसळाच्या ठेक्यावरचे गाणे ऐकले आणि ते ग्रंथात नोंदवण्याच्या योग्यतेचे मानले!

हीच दृष्टी त्याच्या मत्स्यविनोद या प्रकरणात दिसते. विनोद म्हणजे येथे थट्टा नव्हे, मन रमवण्याचे साधन. गळाने मासे धरण्याचा छंद राजाने कसा करावा, हे त्यात सांगितले आहे. पण छंद सांगायचा तर आधी मासा कळला पाहिजे. म्हणून सोमेश्वर सुमारे ३५ जातींची नावे देतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे, मध्यम, लहान कोणते, अशी तो वर्गवारी करतो. कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते हेही सांगतो. मासे एका जागी यावेत म्हणून त्यांना आधी खायला घालून तेथे रुळवायचे आणि मग गळ टाकायचा, हा त्यातील मुख्य विचार. गळ, दोरी आणि काठी यांचेही वर्णन आहे. राजाचा खेळ असला तरी त्यातले ज्ञान पाण्यावर पोट असणाऱ्या माणसांचे आहे, हे उघड आहे. पठारावरच्या राजवाड्यात बसून समुद्रातल्या माशांची नावे कळत नाहीत. ती कोणा भोयाने, कोळ्याने सांगितली असणार. त्यांची नावे मात्र काळाने राखली नाहीत.

गळाची विद्या जगात इतरत्रही होती. सोमेश्वराच्याही आधी, सुमारे हजार वर्षांपूर्वी, ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील नदीवरची एक युक्ती लिहून ठेवली आहे. तेथील लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून खोटी माशी तयार करीत आणि मासा तिला भुले. इंग्रजीत गळावरचे पहिले छापील पुस्तक १४९६ साली आले आणि आयझॅक वॉल्टनचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली. म्हणजे आपल्या मत्स्यविनोदानंतर या विषयावर इंग्रजी पुस्तक छापून यायला साडेतीनशेहून अधिक वर्षे जावी लागली.

सोमेश्वराचा भर खऱ्या आमिषावर आहे. आज आपल्या खाडीकाठी हौशी मंडळी प्लॅस्टिकचा मासा लावून जिताडा धरतात. पण दोन्हींचे मर्म एकच. मोठा मासा खोल पाण्यातच असतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात भरतीबरोबर जिताडा खारफुटीच्या कडेला, अगदी उथळ पाण्यात, बोईट आणि कोळंबीच्या मागे येतो. तेथे पाय आपटला किंवा सावली पडली की तो गेलाच. खोटा मासा पाण्यात जखमी बोइटासारखा अडखळत चालला तरच तो झडप घालतो. लागल्यावर हिसका दिला तर दोरी तुटते. कधी सैल सोडून, कधी ताणून त्याला दमवावे लागते. माशाची भूक, त्याची वाट आणि त्याचे भय ज्याला ठाऊक, त्याच्याच गळाला तो लागतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमचे आजोबा निरक्षर, पण तिथी सांगितली की भरती किती वाजता लागेल हे बोटांवर मोजून सांगत. शिंगाळ्याला काय लावायचे, कोणत्या खाजणात किती पाणी चढते, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. शाळेत या विद्येला कोणी विद्या म्हटले नाही. घरातही ते आम्हाला सांगत, हे सोडा आणि शिका. म्हणून एका चक्रवर्ती राजाने राज्यशास्त्र आणि रत्नपरीक्षा यांच्या पंक्तीत मासेमारीला बसवले आहे हे वाचले, तेव्हा ग्रंथालयातल्या त्या कपाटात आमच्या आजोबांनाही जागा आहे असे मला वाटले.

इ. स. ११३८ मध्ये सोमेश्वराची कारकीर्द संपली. वडिलांचे चरित्र सांगणारा त्याचा विक्रमांकाभ्युदय हा ग्रंथ आपल्याला अपुराच मिळतो. पुढे वीस वर्षांच्या आत बिज्जल कलचुरीने कल्याणची सत्ता बळकावली. त्याच नगरात बसवेश्वरांची चळवळ उभी राहिली आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांचे साम्राज्य लयाला गेले. मानसोल्लास मात्र हस्तलिखितांतून जगला. १९२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचा पहिला खंड छापला. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये मत्स्यविनोदावर लेख लिहून शास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे वेधले.

सोमेश्वराने जिंकलेले काही उरले नाही; त्याने ऐकून लिहून ठेवले ते उरले. मित्रहो, आज उल्हास आणि वालधुनीचे पाणी रसायनांनी काळवंडले आहे आणि कल्याण-डोंबिवलीच्या खाडीतील कितीतरी मासे आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात सापडतात. त्या माशांची नावे, त्यांच्या वेळा आणि त्यांची आमिषे अजून सांगणारी माणसे आपल्या घरात आहेत. लिहिण्यासाठी राजा असण्याची आता गरज राहिलेली नाही. वही आणि पेन आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहे.