देवगडचे राजे बख्त बुलंद शहा व त्यांचे घराणे

आंबागडचा किल्ला आम्ही शाळेच्या मुलांना अनेकदा दाखविला आहे. तो इ. स. १७०० च्या सुमारास राजाखान पठाणाने बांधला असे सांगताच मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : गोंडांच्या मुलखात पठाण कोठून आला? त्याचे उत्तर देवगडचे राजे बख्त बुलंद शहा यांच्या चरित्रात आहे. राजाखान हा त्यांचाच अधिकारी. आपले काही ज्ञातिबांधव धर्मांतरामुळे या पूर्वजाचे नाव घेण्यास कचरतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

देवगड हल्ली मध्य प्रदेशाच्या छिंदवाडा जिल्ह्यात मोडते. घराण्याचा मूळ पुरुष जाटबा. ऐन-ए-अकबरीत त्याच्या पदरी २,००० घोडदळ, ५०,००० पायदळ व शंभरावर हत्ती असल्याची नोंद आहे. पुढे १६३७ मध्ये मोगलांनी नागपूरच्या गढीस वेढा घालून कोकशहाकडून जबर खंडणी घेतली, आणि तेव्हापासून देवगडच्या गादीचा निवाडा बादशहाच्या मर्जीवर जाऊ लागला.

भाऊबंदकीत गादी गमावलेले आमचे चरित्रनायक असेच औरंगजेबाकडे गेले. १६८६ मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला व बख्त बुलंद हे नाव आणि राज्य घेऊन परतले. (त्याच्या पुढल्याच वर्षी विलायतेत न्यूटनचा गुरुत्वाकर्षणावरील ग्रंथ छापला गेला.) समाजात परंपरा अशी सांगतात की, मुसलमानांशी रोटीव्यवहार करीन पण बेटीव्यवहार करणार नाही, अशी त्यांची अट होती. राज्य राखण्यासाठी त्यांनी नाव बदलले, नाते तोडले नाही, असे आमचे मत आहे. ज्या बादशहाने नाव दिले त्याच्याविरुद्धच ते पुढे उठले, तेव्हा धर्मांतराने ते मोगलांचे अंकित झाले असे म्हणण्यास आधार राहत नाही.

१७०२ मध्ये त्यांनी नाग नदीकाठची बारा खेडी जोडून नागपूर शहर वसविले. १७०३ मध्ये रशियाच्या पीटर बादशहाने नेवा नदीच्या मुखाशी आपली नवी नगरी आरंभिली. दोघांनीही बाहेरचे कसबी लोक बोलाविले. पीटरची नगरी दलदलीत वेठीच्या मजुरांकडून उभी झाली आणि त्यांत असंख्य माणसे दगावली. बख्त बुलंदांनी मात्र कसणारास जमीन व कारागिरास आश्रय दिला. हिंदू, मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे पदरी ठेविली. राजाखान त्यांपैकीच एक. वैनगंगेच्या खोऱ्यात या काळात कितीतरी नवी गावे वसली. शाळेच्या इतिहासात पीटर असे, बख्त बुलंद नसत. याची खंत आम्हांस आजही वाटते.

त्यांच्यामागून चांद सुलतान गादीवर आले. त्यांनी नागपुरास तट घातला व जुम्मा तलाव बांधविला. तोच आजचा गांधीसागर. १७३९ च्या सुमारास ते वारल्यावर वली शहाने गादी बळकाविली. विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसले यांस मदतीला बोलाविले. रघूजींनी तिच्या मुलांस गादी मिळवून दिली; पण पुढे त्या भावांतच तंटा लागला आणि १७४३ मध्ये रघूजी पुन्हा आले ते राहण्यासाठीच. बुऱ्हाण शहा नावाचे राजे व नेमणुकीचे धनी उरले.

आंबागडही भोसल्यांकडे गेला. तेथे त्यांनी कैदी ठेविले. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला.