माशांची नावे विचारणारा कर्नल

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाणाऱ्यांना इंद्रवज्राची गोष्ट ठाऊक असते. दरीत धुके, पाठीशी सूर्य आणि समोर पूर्ण गोल इंद्रधनुष्य. कर्नल सायक्स यांनी ते पाहून नोंदवले, आणि साल १८३५ सांगितले जाते. खरे तर हे त्यांचा निबंध लंडनमध्ये छापल्याचे साल आहे. सायक्स त्याआधीच, १८३१मध्ये, हिंदुस्थान सोडून गेले होते.

विल्यम हेन्री सायक्स यांचा जन्म १७९०चा, इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा. पोरवयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत आले. हिंदुस्थानी आणि मराठी शिकले. १८१७च्या खडकीच्या लढाईत ते होते, म्हणजे पेशवाई बुडवणाऱ्यांत तेही आले. १८२४मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम दिले. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांनी तंबू घेऊन पालथे घातले. पिके, बाजारभाव, हवेचा दाब, खडक, पाखरे, सगळे टिपले.

मासे त्यांनी निराळ्या रीतीने टिपले. जाळ्यातून आलेला मासा ताजा असतानाच त्याचे मापात चित्र काढायचे आणि इथले लोक त्याला काय म्हणतात ते विचारायचे. तेच नाव मग शास्त्रीय नावात जायचे. शिंगाळ्याचे ‘सीनघाला’ झाले. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरचे ‘खुदरी’ झाले. आज ‘टॉर खुदरी’ हे त्याचे जगभर मान्य नाव आहे. हे सारे १८३९ ते १८४१ या काळात लंडनमध्ये छापले गेले. काही माशांना विलायतेतल्या विद्वानांची नावे मिळाली, भोई-कोळ्यांपैकी कोणाचे मिळाले नाही, हेही सांगायला हवे. (ही मुळा पुण्याची. हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात उगम पावून राहुरीकडे येणारी नगरची मुळा वेगळी.)

सायक्स यांनी मासा पाहिला तो जाळ्यात सापडण्याएवढा मोठा झालेला. पण माशाचे पुढचे आयुष्य ठरते ते त्याआधीच्या काही दिवसांत.

मादीने सोडलेले अंडे पाणी शोषून फुगते आणि त्याचे आवरण टणक होते. पाण्यातले जस्त, तांबे, कॅडमियम यांचा बराचसा भाग या आवरणालाच चिकटतो. आतल्या जिवासाठी ही पहिली ढाल. लोह, जस्त, आयोडीन यांची पहिली शिदोरी आईने बलकात बांधून दिलेली असते. पिल्लू बाहेर आले की ढाल गेली. कल्ले अजून पुरते तयार नसतात, तेव्हा कातडीवरच्या आणि बलकपिशवीवरच्या खास पेशी पाण्यातून कॅल्शियम ओढून घेतात. हाडे बनवायला ते हवेच. अडचण अशी की जस्त आणि कॅडमियम त्याच दारातून आत शिरतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर दारात गर्दी होते आणि हे दोघे कमी शिरतात. म्हणून तेवढाच धातू मचूळ, जड पाण्यात कमी आणि हलक्या पाण्यात जास्त बाधतो. तांबे थोडे हवेच असते, जास्त झाले की ते शरीरात मीठ घेण्याची वाट अडवते. मोठा मासा जे सोसतो ते मत्स्यजिऱ्याला सोसत नाही.

डाळिंब-द्राक्षांवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते, म्हणजे तांबेच. आपल्याकडचे बरेच मासे पावसाळ्याच्या पहिल्या पुरांत अंडी घालतात, आणि शेतातले पाणी ओढ्याला मिळते तेही तेव्हाच. म्हणून तळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्याने शेवाळ मारायला हाताच्या अंदाजाने मोरचूद टाकू नये.

माशाच्या कानात एक चुन्याचा खडा असतो. तो अंड्यातच बनू लागतो आणि पुढे थरावर थर चढवतो. पाण्यातले स्ट्रॉन्शियम आणि बेरियम त्या थरांत अडकते ते कायमचे. त्यावरून मासा कोणत्या पाण्यात जन्मला याचा माग आज काढता येतो. चित्र काढून झाल्यावर सायक्स यांच्या हातातल्या खुदरीच्या डोक्यातही असा खडा होताच.

इंग्लंडला परतल्यावर ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, १८५६मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले, पुढच्या वर्षी ॲबर्डीनहून पार्लमेंटात गेले. १८७२मध्ये वारले. खुदरीची अंडी माणसाच्या हाताने फलित करून पिल्ले वाढवण्याचे काम त्यानंतर शंभर वर्षांनी, लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावाकाठी, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी उभे केले. तिथली बोटुकली पुढे दूरदूरच्या नद्या-तलावांत सोडली गेली.